सुकटीची पाटी

कल्पना करा, हॉटेलच्या खोलीत तुम्हाला सुकट परतायची आहे. शेगडी म्हणून काचेचं इंडक्शन, खिडकी जेमतेम वीतभर उघडणारी, छताला धूर हुंगणारं यंत्र. घरून आणलेली गोल बुडाची कढई ठेवलीत, तर इंडक्शन पीं पीं करून बंद पडेल. हिराताईंचंही तेच झालं. मग त्यांनी सपाट लोखंडी तवा ठेवला, आणि शेगडी निमूट तापली.

हिराताई महापालिकेतून निवृत्त झालेल्या क्लार्क. त्यांचे यजमान सुखदेव घरात घसरले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं. येरवड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथे लिफ्ट नाही. म्हणून मुलीनं, शर्मिलानं, कर्वेनगरात हॉस्पिटलजवळचं हे अपार्टमेंट हॉटेल महिन्याभरासाठी ठरवून दिलं. खोलीतच ओटा, फ्रिज, भांडी. खाली हॉटेलच्या दारावर मोठ्या अक्षरांत 'घरापासून दूर, तरी घरासारखं'.

सुखदेवांचं जेवण मात्र सुटलं होतं. मऊ भात पुढे आला की ते मान फिरवत. पोटात काही गेलं नाही तर जखम कशी भरणार, असं डॉक्टर बजावून गेले होते. अशात त्यांनी एकदाच तोंड उघडून काही मागितलं. सुकट आणि भाकरी.

त्या दुपारी ते अख्खी भाकरी जेवले. संध्याकाळी मॅनेजर आमोद दारात उभा राहिला. शेजारच्या खोलीतून तक्रार आली होती. इथे नॉनव्हेज शिजवत नाहीत, असं तो अगदी गोड बोलून सांगू लागला. हिराताईंनी विचारलं, मग रोज लिफ्टमधून बिर्याणीचे डबे वर जातात, ते काय असतं?

"ते बाहेरचं असतं हो, काकू."

"बाहेरचं असलं तरी खोलीत बसूनच खातात ना?"

आमोद लिफ्टकडे वळला. पण माणूस पुण्याचा, त्याच्या हॉटेलात प्रत्येक गोष्टीला पाटी होती. चपला कुठे काढाव्यात, लिफ्टचं बटण किती वेळा दाबावं, गीझर कोणी बंद करावा. दुसऱ्या दिवशी जिन्याजवळ नवी पाटी लागली: 'खोलीत सुकी मासळी करू नये. नाक इतरांनाही असते.'

हिराताईंनी ती चष्मा लावून वाचली. अक्षर छान आहे म्हणाल्या. मग औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी आपल्या दारावर लावला: 'आज दुपारी सुकट होईल. नको असेल त्यांनी खिडकी लावावी. हवी असेल त्यांनी ताट आणावे.'

ताट घेऊन कोणी आलं नाही. आमोद आला. या वेळी गोडवा कमी होता. मालकांचं म्हणणं आहे, तुम्ही उद्या खोली सोडा, असं त्यानं सांगितलं. आत सुखदेव वॉकर धरून उठायला लागले, तशी हिराताईंनी त्यांना हातानेच बसायची खूण केली.

"सोडते. पण दोन ओळी लिहून द्या. सुकट शिजवली म्हणून आजारी माणसाला बाहेर काढतो, आणि खाली सही."

"असं लिहून नाही देत आम्ही."

"का? बाकी सगळं तर लिहिता."

आमोद खाली गेला. लिहिलेलं काही आलं नाही, आणि खोलीही कोणी रिकामी करून घेतली नाही. जिन्याजवळची पाटी तेवढी राहिली. तिच्याखालून हिराताई रोज भाकरीचं पीठ घेऊन वर जात, आणि त्यांच्या दारावरचा पुठ्ठाही हलला नाही. सुखदेव आता वॉकर घेऊन लिफ्टपर्यंत जाऊ लागलेत.

खाली उतरलं की हिराताई हॉटेलच्या दारावरच्या मोठ्या अक्षरांखाली थांबतात आणि काउंटरवरच्या आमोदला रोज एकच प्रश्न विचारतात. तो संगणकात काहीतरी शोधायला लागतो.

"आमोद, हे घरासारखं म्हणजे नेमकं कोणाच्या घरासारखं?"