पोत्यातून आणलेलं पिल्लू

काल शेजारचे वकील विचारायला आले, "कुत्र्याचं पिल्लू आणतोय, काय काळजी घ्यावी?" मी एवढंच म्हणालो, "टोपलीतून आणा."

तरुणपणी मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कारकून होतो. बेळगावच्या कॅम्पातल्या एका साहेबानं विलायतेला परतताना मला ठेंगण्या जातीचं मूठभर पिल्लू दिलं. ते मांडीवर घेऊन बसायची मला भारी हौस. वखारीतल्या रिकाम्या पोत्यात घालून मी ते घरी आणलं. जमिनीवर ठेवताच ते शिंकू लागलं, आणि प्रत्येक शिंकेला मागं कोलमडू लागलं.

"सायबानं सर्दीचं पिल्लू गळ्यात बांधलंय रं तुझ्या!" म्हणत माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, त्याला शालीत गुंडाळून ओव्याचा शेक दिला. पोत्याच्या तळाची तंबाखूची भुकटी मला दिसली होती. मी पोतं गुपचूप परसात टाकलं आणि आक्काबरोबर साहेबाला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी पिल्लू ठणठणीत झालं. मी वखारीतून येऊन त्याला उचललं, तर पुन्हा शिंका. माझ्या कोटालाही तोच वास!

"लांब बस बघू," आक्का म्हणाली, "तुझा पायगुण न्हाय बरा त्याला."

खरं सांगितलं असतं, तर नुसता कोट काढून भागलं असतं. मी नऊ वर्षं लांब बसलो.