पन्नासाच्या आत

जूनमधला शेवटचा शनिवार, सकाळचे नऊ. हजर: ओहायोतल्या डब्लिनहून आमचे संपादक, कॅमेरा बंद ठेवून; वेकोजवळच्या घरातून निवृत्त स्काउट, म्हणजे संघांसाठी खेळाडू हेरणारा, कॅमेरा चालू पण छताकडे वळलेला; ह्यूस्टनहून आकडेवारी बघणारा, पुण्याहून पीएचडीला आलेला विद्यार्थी, उशिरा आणि दात घासत; आणि शुगर लँडहून मी, यादी सांभाळणारी. गैरहजर कोणी नाही. कोणी गैरहजर असलं की बैठक लवकर संपते, म्हणून मी आधी तेच बघते.

यादी कसली, हे आमच्या इथल्या मराठी मंडळातली माणसं मला अजून विचारतात. दर जुलैत इथले व्यावसायिक बेसबॉल संघ पाळीपाळीने शाळा-कॉलेजांतली मुलं निवडतात. त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्याआधी आमच्यासारखी छोटी प्रकाशनं आपापली क्रमवारी काढतात. आमची टेक्सासपुरती: राज्यातली सर्वांत चांगली शंभर मुलं, प्रत्येकाखाली चार ओळींची टीप. संघ आमची यादी बघून निवड करत नाहीत, त्यांचे स्वतःचे स्काउट असतात. आमची यादी वाचतात ती मुलं, एजंट आणि आईबाप. आईबाप सगळ्यात जास्त.

मी दिवसा एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनांचं वेळापत्रक लावते. लेक सॉफ्टबॉल खेळायची तेव्हा मैदानाच्या कडेला बसून स्कोअर लिहायची सवय लागली. लेक कॉलेजला गेली, सवय मागे राहिली आणि तिच्यापाठोपाठ हे काम गळ्यात पडलं. जून आला की शनिवार-रविवार उन्हात तापलेल्या पत्र्याच्या बाकांवर जातात. गाडीच्या डिकीत घडीची खुर्ची, टोपी, पाण्याचा कूलर वर्षभर असतो, कारण काढून ठेवायचा आणि पुन्हा भरायचा कंटाळा येतो. एकेकाळी मला यात मजा यायची. आता यादी वेळेवर गेली की बरं वाटतं, एवढंच.

पहिले तेहेतीस जण बऱ्यापैकी शांततेत ठरले. मग चौतिसावा आला. उजव्या हाताचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. शाळेचं शेवटचं वर्ष. राहायला शुगर लँड, आमच्याच भागात. मे महिन्याच्या यादीतही तो चौतिसावाच होता. विद्यार्थी त्याला आणखी वर न्यायच्या तयारीने बसला होता. चेंडूचा वेग, फिरकी, अचूकपणा, सगळ्याचे तक्ते त्याने स्क्रीनवर उघडले.

संपादकांनी मला विचारलं, या कुटुंबाला तू ओळखतेस ना? मी हो म्हटलं. आमचा एक नियम आहे, आणि तो मीच घातलेला आहे: जो कुटुंबाला ओळखतो त्याने मत द्यायचं नाही, पण त्याला जे माहीत आहे ते सांगायचं. माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. दोन दिवसांपासून होतं.

गुरुवारी संध्याकाळी तो मुलगा, त्याचे वडील आणि आई आमच्याकडे आले होते. वडील पाइपलाइन कंपनीत इंजिनियर, मंडळाच्या गणपतीत माझ्या नवऱ्याबरोबर मंडप बांधणारे. आईने परसातल्या अळूच्या वड्या करून आणल्या होत्या. टेक्सासच्या उन्हात अळू जगवणारी बाई मला नेहमीच भारी वाटत आली आहे. ते कशासाठी आले होते हे मला माहीत होतं. वडिलांनी मुलाला केव्हाच अट घातलेली होती: ड्राफ्टच्या आधीच्या यादीत पन्नासाच्या आत आलास तर बेसबॉल; नाही आलास तर युनिव्हर्सिटी, इंजिनियरिंग, आणि बेसबॉल बंद. ही यादी म्हणजे त्यांच्या लेखी बोर्डाची गुणवत्ता यादी होती. मे महिन्यात मुलगा पास झाला होता. पण चौतिसावा नंबर त्यांना कमी वाटत होता. ते फेरतपासणीसाठी आले होते.

"वहिनी, मेहनतीचे मार्क तुम्ही कुठे धरलेत?" त्यांनी विचारलं.

मेहनतीचे वेगळे मार्क नसतात, असं मी सांगितलं. मग त्यांनी मेहनत समजावून सांगितली. शाळेच्या संघात आठवड्यातले दोन दिवस. शनिवारी केटीच्या क्लबसाठी. रविवारी पार बोमाँटकडच्या एका क्लबसाठी, तिथे यांना कोणी ओळखत नाही. थंडीत सगळे विश्रांती घेतात तेव्हा गोदामातल्या सराव केंद्रात, जड चेंडू घेऊन. सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

"प्रत्येक कोच म्हणतो, इतकेच चेंडू टाकायचे आणि मग आराम. ठीक आहे. त्याच्या टीममध्ये हा तेवढेच टाकतो. आमच्याकडून नियम मोडला जात नाही. मग दुसऱ्या टीममध्ये टाकतो. याचं त्याला कळायचं कारणच काय?"

"बारावीला तीन-तीन क्लास लावतातच की," आई म्हणाली. "क्लासवाले थोडेच एकमेकांना विचारतात?"

मुलगा मध्येच म्हणाला, "बाबा, इट्स ओके, लेट्स गो." वडील म्हणाले, थांब रे, काकूंना कळू दे.

मुलगा वडी डाव्या हाताने खात होता. आईने त्याला हटकलं: दुसऱ्याच्या घरी तरी उजव्या हाताने खा. त्याने वडी उजव्या हातात घेतली, कोपर टेबलावर टेकवलं आणि तोंड हाताकडे नेऊन खाल्ली. आईवडिलांचं लक्ष माझ्याकडे होतं.

निघताना वडील गाडी काढायला गेले, आई माझ्या नवऱ्याशी बोलत अंगणात उभी राहिली. मुलगा दारात बूट घालत होता.

"काकू, यू हॅव टु टेल देम, राइट?"

"हो, बैठकीत," मी म्हटलं. "दुखतं का रे?"

"ओन्ली आफ्टर," तो म्हणाला. मग नाडी बांधायला लागला, तीसुद्धा बराच वेळ.

हे सगळं मी शनिवारी बैठकीत सांगितलं. माझं बोलणं झाल्यावर स्काउटने कॅमेरा खाली केला आणि त्या सकाळी पहिल्यांदा त्याचा चेहरा दिसला.

"म्हणजे या मुलाने एकूण किती चेंडू टाकलेत, हे जगात कोणालाच माहीत नाही," तो म्हणाला.

त्याचं मत सरळ होतं: यादीतून काढा. अशा हातांचा वेग शेवटच्या महिन्यापर्यंत चांगला दिसतो, आणि मग कोपरातलं लिगामेंट तुटतं. मी सोमवार ते शुक्रवार जी वेळापत्रकं लावते त्यात अशी कोपरं असतात, शाळकरी मुलांची, त्यामुळे मला त्याचं म्हणणं समजावून घ्यावं लागलं नाही. विद्यार्थी मात्र चिडला. त्याच्या वरच्या पिचरांनी हेच केलेलं नाही कशावरून, असं त्याने विचारलं. त्यांचे बाप गप्प बसतात म्हणून ती मुलं वर, आणि याचा बाप खरं बोलला म्हणून हा खाली? संपादकांना बारा वाजता दुसरी बैठक होती. तिघांनी मतं दिली, मधला आकडा धरला, आणि मुलगा एकाहत्तरावा झाला. मी त्याची ओळ उचलून खाली नेऊन ठेवली. मधली सगळी मुलं एकेक जागा वर सरकली. त्यांना त्याचं कारण कधी कळणार नाही.

बैठक संपल्यावर विद्यार्थ्याने मला वेगळा फोन केला.

"काकू, त्याला पन्नास द्या ना यार. पन्नास काय आणि एकाहत्तर काय, कोणाला फरक पडतो?"

"त्याच्या बापाला."

"म्हणून तर म्हणतोय."

पन्नासावा केला तर तो ड्राफ्टपर्यंत टाकत राहील, मी म्हटलं. एकाहत्तरावा झाला तर हात थांबेल, पण खेळही थांबेल. विद्यार्थी म्हणाला, तुमच्या दोन्ही कॉलममध्ये मायनसच आहे, आणि जेवायला जातो असं सांगून त्याने फोन ठेवला.

तिसरा कॉलम आहे, हे मला भात लावताना सुचलं. कोपराचा एमआरआय काढायचा. हा उन्हाळा चेंडूला हात लावायचा नाही. शरद ऋतूत युनिव्हर्सिटीला जायचं, इंजिनियरिंग घ्यायचं तर खुशाल घ्यायचं, आणि तिथल्या संघात पुढच्या वर्षी हळूहळू सुरू करायचं. कॉलेजमधूनही ड्राफ्ट होतो. अर्धी यादी त्याच मुलांची असते. अट मागे घ्या, एवढंच वडिलांना सांगायचं होतं. त्यांना नंबर कळतात. म्हणून नंबर छापून येण्याआधी त्यांच्याशी बोलायला हवं होतं. एकदा त्यांनी एकाहत्तर वाचलं की ते मुलाला नापास धरतील, मग माझं काही ऐकणार नाहीत.

फोन लावला तर मागे मैदानाचा गोंगाट. ते केटीला होते.

"वहिनी, बरोबर वेळेला केलात. टाकतोय आत्ता. तीन स्काउट बसलेत मागे, वेग मोजायचं मशीन घेऊन."

"त्याला बाहेर काढा," मी म्हटलं. "मी नंतर सगळं सांगते. आत्ता फक्त बाहेर काढा."

"आत्ता? आत्ता कसं काढणार? तुम्हीच सांगा, कोणाचा बाप काढेल?"

मी म्हटलं, त्याचा हात दुखतो. ते म्हणाले, हात सगळ्यांचाच दुखतो, तो मला काही बोलला नाहीये. मग कोणीतरी ओरडलं, टाळ्या झाल्या, ते मला विसरून "बघा, बघा" म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर मी शनिवारी दोनदा आणि आज रविवारी सकाळी एकदा फोन केला. तिन्ही वेळा रिंग वाजत राहिली. आईला मेसेज केला. तिने नमस्काराचे हात पाठवले आणि लिहिलं की हे बोमाँटच्या मॅचला निघालेत, परत आले की सांगते.

उद्या, सोमवारी सकाळी सहाला यादी जाते. मुखपृष्ठ झालं, शुद्धलेखन तपासून झालं, फोटो लागले. नव्व्याण्णव टिपा लिहून झाल्यात. एकाहत्तराव्याखाली चार ओळींची जागा रिकामी आहे. त्यात 'या उन्हाळ्यात विश्रांती' लिहायचं की 'कोपराबद्दल शंका', ते त्याच्या वडिलांशी बोलल्यावर ठरेल, आणि दुपारचे चार वाजले तरी ते फोन उचलत नाहीयेत.