गंजाचं पाणी

भिलाईचा कारखाना बांधला जात होता तेव्हाची गोष्ट. आमची शेजारीण भागीरथा कागदाच्या लगद्यात मेथी कुटून खेळणी करायची. तिचा नवरा चंपत कारखान्याचे लोखंडी खांब उभारायचा. त्याचे कपडे धुतलेलं पाणी ती फेकतच नसे. तळाशी बसलेला गंज खळीत कालवून ती खेळण्यांना फासायची, की कागद जुन्या लोखंडासारखा दिसायचा.

लेकीसाठी केलेली कागदाची क्रेन अर्धी रंगवून झाली होती. त्या दिवशी चंपत उंचावरून पडला, तो गेलाच.

आठवड्यानं त्याचा सोबती कवडू पडला तेव्हा चंपतच्या अंगावर असलेला सदरा घेऊन आला. क्रेन पुरी करायला भागीरथानं तो बादलीत बुडवला. पाणी नितळच राहिलं.

"वहिनी, आमी साबण लावून धुऊनच आणला," कवडू म्हणाला.

"काहून धुतला, भाऊ?"