साहेबाच्या आधी फोन ठेवणारा माणूस

बाबांनी उभी हयात यवतमाळच्या एका कचेरीत कारकुनी केली. साहेबाचा फोन आला की खुर्चीतून उठायचं आणि साहेबानं ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, हा त्यांचा नेम. रिटायर झाले, आई गेली, घरात एकटे पडले, पण नेम काही सुटला नाही. तोच नडला. कुण्या भामट्यानं फोन केला, "मी दिल्लीहून मोठा साहेब बोलतो, तुमच्या नावावर गुन्हा आहे, कोणाला सांगायचं नाही." दोन तास बाबा उभे, हो साहेब, हो साहेब! पेन्शनीतून साठवलेलं बहुतेक सगळं त्यानं सांगितलेल्या खात्यात गेलं.

मी नागपूरहून आले ती भडकूनच. "काहून नाही कापला फोन?"

"साहेब बोलून राह्यले होते, बाई. मधातच कसा ठेवू?"

आता काय बोलावं ह्या माणसाला! पोलिसांत तक्रार दिली आणि मी जाहीर केलं, आजपासून पासबुक माझ्याकडे आणि तुम्हाला बटणांचा साधा फोन. बाबा म्हणाले, "पैसे गेले ते गेले. पण माह्या हातातून माह्या घराचा कारभार नको काढू. एक महिना दे मले."

त्या महिन्यात त्यांनी जे केलं ते माझ्याच्यानं झालं नसतं. फसलेली माणसं शरमेनं तोंड उघडत नाहीत. बाबा मात्र रोज सकाळी जवळच्या लोहारा गावाकडे फिरायला जाणाऱ्या पेन्शनर मंडळींना थांबवून सांगायचे, "मी बुद्धू बनलो, तुम्ही नका बनू. कोणाले सांगू नका म्हणला, की समजा चोर हाये." आणि घरी तालीम! शेजारच्या काकू आपल्या ओट्यावरून फोन लावायच्या, आवाज जाड करून "साहेब बोलतो" म्हणायच्या आणि बाबांनी कापायचा. पहिल्या दिवशी कापायच्या आधी "येतो साहेब" म्हणाले म्हणे.

महिन्यानं मी गेले, बटणांचा फोन पिशवीत घेऊनच. चहा पीत होतो तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी स्पीकर लावला. "बँकेचा मोठा अधिकारी बोलतो. आज तुमचं खातं बंद होईल." बाबा ताडकन उभे राहिले, चहा सांडला. फोन हिसकावून घ्यावा वाटलं, पण कशीबशी बसून राहिले.

"साहेब," बाबा म्हणाले, "मी बँकेतच जाऊन विचारतो."

पलीकडचा ओरडायला लागला. त्याचं वाक्य अर्धं असतानाच बाबांनी फोन कापला.

"मग उभे कायले राह्यले?" मी डोळे पुसत विचारलं. असा अभिमान मला बाबांचा कधीच वाटला नव्हता.

"सवय हाये, पोरी, नाही जात," ते खुर्चीत टेकत म्हणाले. "पण आज पहिले मी ठेवला."

बटणांचा फोन मी तसाच नागपूरला परत नेला.