कूलरवरचा आळ

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही कोराडीच्या वसाहतीत राहत होतो, नवरा वीजकेंद्रात इंजिनीअर होता. संत्र्याच्या बाजारावरचा माझा प्रबंध लवकर व्हावा म्हणून त्याने एका सहकाऱ्याचा जुना कॉम्प्युटर आणून बाहेरच्या खोलीत मांडला. हिवाळाभर तो बरा चालला. मे लागला आणि हँग व्हायला लागला.

दुपारी टाइप करता करता पडद्यावरची हिरवी अक्षरं थिजायची. कुठलंही बटण दाबलं तरी काही हलायचं नाही. बंद करून परत चालू केला, की फ्लॉपीवर सेव्ह केलेलं तेवढं उरायचं, बाकीचं गेलेलं असायचं. मुदत जवळ येत होती. पुढचं वाक्य लिहिताना मी श्वास रोखून बसायची.

नवऱ्याचं निदान ठरलेलं होतं. कूलरचा पंप सुरू झाला की व्होल्टेज पडतं, म्हणून मशीन अडतं. स्टॅबिलायझर आणला, तरी तेच. त्या दिवसांत सासूबाई नरखेडकडच्या गावाहून आल्या होत्या आणि कूलर त्याच लावायच्या. एकदा माझी अख्ख्या दुपारची मेहनत गेली. मी डोकं धरून बसले असताना तो ड्यूटीवरून आला आणि कूलरचा आवाज ऐकताच आईवर घसरला.

"आई, तुले किती डाव सांगितलं, ते काम करून राहिली तर कूलर लावू नोको."

"मी तं आता लावला गा. तिची मशीन आंधीच बंद पडली होती."

"तुले काय समजते त्यातलं?"

त्यांनी उठून कूलर बंद केला. आधी कूलर लागला की आधी मशीन अडलं हे माझ्याही ध्यानात नव्हतं, त्यामुळे मला कोणाचीच बाजू घेता येईना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कूलर लावला नाही. बाहेर तापलेल्या वाऱ्याची लू चालायची, वीजकेंद्राच्या राखेमुळे खिडक्या लावलेल्या, आणि त्या मधल्या खोलीत डोक्यावर ओला पंचा घेऊन बसायच्या. मी कूलर लावला की उठून बंद करायच्या. "राहू दे वं. तुहं काम होऊ दे." माझं कामात लक्ष लागेना. रात्री जेवताना माय-लेक एकमेकांशी बोलायचे नाहीत.

मग एका दुपारी मशीन पुन्हा अडलं. मी पडद्याकडे बघत असतानाच आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. धावले. सासूबाई खाटेचा पाय धरून खाली बसल्या होत्या, अंग भाजत होतं, जीभ जड झाली होती. मी कूलर लावला, कपाळावर ओला कपडा ठेवला आणि शेजारणीला वसाहतीच्या डॉक्टरांकडे पिटाळलं.  डॉक्टर म्हणाले, "लू लागली आहे. अजून उशीर झाला असता तर कठीण होतं."

निरोप मिळताच नवरा आला आणि आईच्या पायाशी बसला. त्यांना झोप लागल्यावर मी म्हणाले, "आज कूलर बंद होता. तरी मशीन हँग झालं."

 मग उठून त्याने कॉम्प्युटर उघडला. आत राखेचा बारीक थर होता. राख झटकून तो एकेक चिप बोटाने चाचपत गेला. एक चिप खाचेतून एका बाजूने वर आली होती.

"तापते, निवते, त्याने हळूहळू वर सरकली," तो म्हणाला. अंगठ्याने दाबल्यावर ती कट्‌ करून बसली.

मशीन पुन्हा तापू नये म्हणून आम्ही ते मधल्या खोलीत, कूलरच्या हवेत हलवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते एकदाही अडलं नाही. तो आईजवळ गेला.

"आई, कूलरचं काही नव्हतं. मशीनमधलाच एक भाग ढिला झाला होता."

"आता चालते ना?"

"चालते."

"मंग झालं," म्हणून त्या कुशीवर वळल्या.

त्या गावी जाईपर्यंत कूलरची टाकी रोज सकाळी तोच भरत होता. प्रबंध मी मुदतीत दिला. सासूबाई नंतरही आमच्याकडे यायच्या, पण दिवाळी झाल्यावर, थंडीत. उन्हाळ्यात त्या परत कधी आल्या नाहीत.