आधी हात, मंग सवाल

हनुमंतानं द्रोणागिरी उचलला तेव्हा आमचे मामाजी तिथे हजर असते, तर त्यांनी त्याला थांबवून आधी डोंगराला चारी बाजूंनी दगड लावायला सांगितलं असतं, शेपूट कमरेला खोचून घ्यायला लावलं असतं आणि मगच ‘हां, उचल आता’ म्हटलं असतं. तोवर तिकडे लक्ष्मणाचं काय झालं असतं ते मला विचारू नका. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. पांढुर्ण्यात बाजाराच्या मैदानाला लागून त्यांचा मोटारी दुरुस्त करायचा कारखाना होता आणि कारखान्याला लागूनच आमचं घर. त्यांच्याइतका सावध माणूस देवानं दुसरा घडवला नाही. घडवलाच असेल, तर तो अजून घराबाहेर पडलेला नाही.

त्यांची पहिली ओळख मला माझ्याच लग्नात झाली. माझं माहेर नरखेडचं. वऱ्हाडाची मोटार दारात आली, सनई वाजायला लागली, आणि नवऱ्या मुलाचे वडील व्याह्यांना भेटायच्या आधी पेट्रोमॅक्सच्या बत्तीला भेटायला गेले. ती हलवून, हुंगून पाहिली आणि मांडवाच्या खांबापासून लांब टांगायला लावली. मग होमापाशी जाऊन भटजींना म्हणाले, “तूप जरा दूर ठेवा महाराज, अन् उपरण्याचं टोक खोचून घ्या.” भटजी चिडले. म्हणाले, “अहो, होम आहे हा!” “होम हाये म्हनूनच सांगून राहिलो ना बाप्पा,” मामाजी म्हणाले. वऱ्हाडाच्या मोटारीतून त्यांनी रेतीनं भरलेल्या दोन लाल बादल्या आणल्या होत्या, त्या होमाच्या दोन्ही अंगांना ठेवल्या. माझ्या काकूंना वाटलं, ही नवऱ्याकडची काहीतरी रीत असेल. त्यांनी बादल्यांना हळदकुंकू वाहिलं, वर सुपारी ठेवली. खोटं वाटेल, पण नरखेडला आमच्या घरी त्यानंतरच्या प्रत्येक लग्नात रेतीची बादली पुजली गेली, आणि का पुजतो हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

सासरी आले तर काय, घरात देवघरापेक्षा कारखान्याचे नेम कडक! कारखान्यात धोतर चालायचं नाही, अंगठी चालायची नाही, गळ्यातला गोफ चालायचा नाही, शेंडी असेल तर टोपीत. तेलकट चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कारण त्या पडल्या पडल्या स्वतःच पेट घेतात यावर त्यांचा रामनामाइतका विश्वास होता. दार लावून इंजिन चालू ठेवलं तर ते दारासकट खेकसायचे. मोहगावचे एक बडे बागाईतदार एकदा तोंडात विडी धरून आत शिरले. मामाजींनी त्यांच्या तोंडातली विडी काढली, रेतीत विझवली, त्यांच्याच कानावर खोचून ठेवली आणि मग दोन्ही हात जोडून “रामराम!” म्हणाले. बागाईतदार इतके गोंधळले, की आपली मोटार कुठे बिघडली आहे तेच विसरले. बॅटरीत घालायचं तेजाब पातळ करताना पाण्यात तेजाब ओतायचं, तेजाबात पाणी नाही, हे ते नव्या कारागिराला माझा दाखला देऊन शिकवायचे. “सून घरात येते, का घर सुनेकडे जाते? तेजाब म्हनजे सून. पान्यात हळूहळू येऊ द्यायची.” मी ओट्यावर तांदूळ निवडत हे ऐकायची आणि दात-ओठ खायची. पण तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला कोणी धावला, की म्हणायचे, “तपेल मोटरचं टोपन अन् तपेल मानसाचं तोंड, दोन्ही थंडं होऊ द्यावं.” हे मात्र मला पटायचं, कारण त्यांचा मुलगा माझ्या पदरात होता आणि त्याचं टोपण फार लवकर तापायचं.

मामाजींना स्वतःला आठच बोटं होती. उजव्या हाताची दोन बोटं ते जवान असतानाच गेली. एका गोऱ्या साहेबाच्या मोटारीत ते पंख्याचा पट्टा चढवत होते, आणि साहेबानं न विचारता, न सांगता इंजिन चालू केलं. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी मैदानात झेंडा चढला, पेढे वाटले, लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. कोणीतरी म्हणालं, “इंग्रज गेला! सगळं देऊन गेला!” मामाजींनी पेढा डाव्या हातात घेतला आणि उजवा वर करून म्हणाले, “सगळं कुठी देलं बे? माये दोन बोटं नाही देल्ले वापस!” ही गोष्ट सासूबाई सांगायच्या आणि हसता हसता डोळे पुसायच्या.

त्या दोन बोटांपायी त्यांनी एक रीत पाडली. इंजिनला हँडल मारायच्या आधी, जॅक उतरवायच्या आधी, ट्रक इंचभर हलवायच्या आधी मोठ्यानं हाक द्यायची, “हात!” की असेल त्यानं असेल तिथे हातातलं टाकून दोन्ही हात वर करायचे आणि ओरडायचं, “दोन!” गाडीखाली असेल त्यानं हात छातीशी घेऊन ओरडायचं. सगळ्यांचे ‘दोन’ ऐकू आल्याशिवाय काही हलायचं नाही. हाक कोणीही देऊ शके. जो धोका पाहील त्यानं द्यायची, आणि कोण ओरडला, काहून ओरडला, हे विचारत बसायचं नाही. “आधी हात, मंग सवाल,” हा त्यांचा मंत्र. ड्रायव्हर, हमाल, संत्र्याचे व्यापारी, कापूस घेऊन येणारे शेतकरी, सगळ्या गावाला ही सवय लागली. शाळेतले मास्तर आणि कचेरीतले कारकूनसुद्धा रस्त्यानं जाताना आतून हाक आली तर पिशवी खाली टाकून हात वर करायचे. घरात सासूबाईंनी उखळात मुसळ उचललं, की पलीकडून हाक यायचीच. “दोन! अन् दोन्ही तुमच्याच संसारात गुंतले!” सासूबाई करवादायच्या. पण इतक्या वर्षांत कारखान्यात कोणाचं नखसुद्धा तुटलं नव्हतं. माझं कुंकू त्या कारखान्यात कामाला होतं, म्हणून बाकी कशाहीपेक्षा मला या गोष्टीचा अभिमान.

तेच कुंकू मात्र घाईचं. ह्यांना ही सगळी नाटकं वाटायची. “बाबा, नागपूरच्या कारखान्यात येवढ्या वेळात दोन गाड्या निघतात!” “निघत असतीन. बोटं किती निघतात ते इचारून ये.” बापलेकाची ही जुगलबंदी रोजची.

चाकांना लावायला मामाजींना दगड लागायचे, आणि त्यातही त्यांची नजर सराफाची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडचे आणि जाम नदीपलीकडचे सावरगावचे एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. तिच्या आदल्या दिवशी मामाजी नदीकाठी जाऊन चांगले चपटे दगड निवडून घरी आणायचे. लोक म्हणायचे, “काका, आमाले ठेवा ना काही!” “इतका सोन्यासारका गोटा मानसावर काहून वाया घालवता?” मामाजी म्हणायचे, “चाकाले लावा, दहा वर्सं पुरते.” घरी आणून ते दगडांना चुना फासायचे आणि त्यांना नावानिशी ओळखायचे. देव मानायचे तो एकच, जामसांवलीचा मारुती. तो तिथे आडवा निजलेला आहे. मामाजी हात जोडून म्हणायचे, “आपला देव मेकॅनिक हाये. पाहा ना, कसा आडवा पडून काम करून राहिला!”

आता ती सभा. राज्यांची फेरमांडणी व्हायची होती आणि आमच्या भागाचं काय होणार, ह्या एकाच गोष्टीनं गाव पेटलं होतं. कोणी म्हणे सगळ्या मराठी मुलखाचं मिळून एक राज्य हवं, कोणी म्हणे विदर्भाचं वेगळं, म्हणजे मराठी माणसाची राज्यं दोन. एका राज्याच्या बाजूचे एक पुढारी बाहेरगावाहून आले. मंच म्हणून आमच्या कारखान्यासमोर दुरुस्तीला आलेला ट्रकच त्यांच्या माणसांनी मागितला. मामाजी नाही म्हणत होते. ट्रकचे ब्रेक खोललेले, मैदानाला उतार नदीकडे. पण ट्रकचा मालक सभेचाच माणूस निघाला. शेवटी मामाजींनी चाकांना आपले चुना फासलेले दगड लावले आणि पुढाऱ्यांना बजावलं, “बोला किती बी, पन नाचू नका.” मग ते गर्दीच्या पार मागे जाऊन उभे राहिले.

आम्ही बायका घराच्या ओट्यावर पदर घेऊन बसलो होतो. ट्रकला संध्याकाळच्या आत संत्री भरून निघायचं होतं. हे जरा वेळ भाषण ऐकत उभे राहिले, मग हातात पाना घेऊन मुकाट्यानं ट्रकखाली सरकले. वर माणसं असताना खाली शिरायचं नाही हा नेम, पण भाषण लांबलं आणि ह्यांचं टोपण तापलं. मी ओट्याच्या कडेला सरकून बसले. ह्यांचे पाय आत दिसेनासे झाले आणि मागच्या चाकापुढे तेवढा एक हात पान्यासाठी चाचपडताना दिसत राहिला.

तेवढ्यात एक जाडजूड गृहस्थ आला. बसायला जागा पाहत होता. त्याला चाकापाशी एक छान चपटा, पांढराशुभ्र गोटा दिसला. त्यानं तो उचलला, चार पावलं मागे नेला, रुमालानं पुसला आणि त्यावर मांडी ठोकून बसला. मेल्याला जागा तरी कुठली सापडावी! वर पुढाऱ्यांना स्फुरण चढलेलं. प्रत्येक वाक्याला पाय आपटत होते. आणि मी पाहिलं, चाक हललं. अगदी सुपारीएवढं, पण हललं.

आता ओरडायचं काय? नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नाही. भरसभेत, चुलत-मावस सासऱ्यांच्या देखत सुनेनं तोंड उघडायचं म्हणजे अब्रह्मण्यम्! ‘अहो’ म्हटलं तर मैदानातल्या साऱ्याच नवऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. मी उभी राहिले. पदर खांद्यावर आला, तो तसाच राहू दिला आणि छाती फुटेस्तोवर ओरडले, “हात!”

नेमका त्याच क्षणी पुढाऱ्यांनी गर्दीला सवाल टाकला होता, “सांगा! मराठी माणसाला राज्यं किती हवीत?”

साऱ्या मैदानानं दोन्ही हात वर केले आणि आभाळ दणाणलं, “दोन!”

पुढाऱ्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं म्हणे. मी पाहिलं नाही. माझे डोळे मामाजींवर होते. गावात सगळ्यांत आधी वर गेले ते त्यांचे हात, आठ बोटांचे. सुनेनं हाक दिली, आवाज बाईचा, हे असलं काही त्यांच्या मनातही आलं नाही. आधी हात. आणि मग, सगळा गलका ओसरल्यावर, ट्रकच्या पोटातून एकटाच आवाज आला, “दोन!”

तो आवाज त्यांच्या लेकाचा होता. मामाजींचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. ते त्या गर्दीतून असे आले, की माणसं भाताच्या लोंब्यांसारखी बाजूला झाली. त्या गृहस्थाच्या खालून त्यांनी दगड ओढला. तो धपकन उताणा पडला, त्याचेही हात वरच होते. दगड चाकाखाली गेला आणि ट्रक गचकन थांबला. ह्यांचा हात जिथे चाचपडत होता, तो पाना चाकाखाली अर्धा दबून वाकला होता. हाक ऐकताच सवयीनं हात छातीशी गेला, म्हणून पानाच वाकला.

हे बाहेर आले. मामाजींनी त्यांना ना शिवी दिली, ना थप्पड. नुसते दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि सोडलेच नाहीत. मागून कोणी म्हातारा कुजबुजला, “सुनेनं भरसभेत आवाज केला हो.” मामाजी गर्रकन वळले. “केला! मायीच सून हाये ते! तुमच्यात हाये का कोनाची अशी?” आणि मला म्हणाले, “सूनबाई, तुमचं कुंकू तुमीच राखलं. आजपासून कारखान्यात तुमची बी हाक चालन.” त्यानंतर नागपूरपासून छिंदवाड्यापर्यंतच्या एकाही ड्रायव्हरला त्यांनी ही गोष्ट ऐकवल्याशिवाय सोडलं नाही. सांगताना माझा आवाज दर खेपेला थोडा मोठा व्हायचा. शेवटी शेवटी तो पार लांबच्या सौसर गावाला ऐकू गेला होता.

राज्य आम्हाला एकही मिळालं नाही आणि दोनही मिळाली नाहीत. नरखेड गेलं मुंबई राज्यात, आम्ही राहिलो मध्य प्रदेशात. तासाभराच्या वाटेवरचं माहेर परराज्य झालं, तेव्हा मी चुलीपाशी बसून रडत होते. मामाजी दारात उभे राहिले. “सरकारनं गाडी हालवली सूनबाई,” ते म्हणाले, “पन ‘हात’ म्हनून कोनी ओरडलं नाही.” आणि स्वतःच मोटार काढून मला नरखेडला घेऊन गेले. वाटेत तीनदा चाकं तपासली, ते सोडा.

म्हातारपणी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले आणि कारखाना ह्यांच्याकडे आला. मामाजी ओसरीवर बाजेवर पडलेले असायचे. संध्याकाळी ह्यांच्या चपलांचा आवाज आला, की उठून बसायचे आणि विचारायचे, “हात?” हे जवळ बसून दोन्ही हात त्यांच्या हातात द्यायचे. आठ बोटांनी ते दहा बोटं एकेक करून चाचपायचे, सगळी भरली की म्हणायचे, “जा, जेव.” गेले त्या संध्याकाळी बोलणं बंद झालं होतं. ह्यांनी आपणहून हात पुढे केले. मामाजींनी चाचपायला सुरुवात केली आणि डाव्या हाताच्या करंगळीपाशी त्यांची बोटं थांबली. मी ओट्यावरून पाहत होते. मला कळलं, दहाही भरली, पण ‘जा, जेव’ म्हणायला आवाज उरला नाही. मी हळूच म्हटलं, “मामाजी, दोन. दोन्ही आहेत.” त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं मान हलवली.

आता ह्यांचे हात थरथरतात, चहाची बशी हिंदकळते. पण दहाच्या दहा बोटं आहेत. संध्याकाळी ताट वाढलं, की मी अजून विचारते, “हात?” हे हसतात आणि दोन्ही पुढे करतात.