आमच्या घरचं होकायंत्र

धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरीला गेला आणि आईचं जेवणावरचं मनच उडालं. तिनं पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे तानसा तलाव. तिला धीर यावा म्हणून मी शहाण्यानं शहापूरच्या वाचनालयातून एका जगप्रसिद्ध इंग्रज दर्यावर्द्याच्या सफरींचं पुस्तक आणलं आणि रोज थोडं थोडं वाचून दाखवू लागलो. दर वाक्याला आई म्हणायची, "हो का?" मी चिडवायचो, "दिशा दाखवायला त्याच्या जहाजावर होकायंत्र होतं, आपल्याकडे तर बोलणारं आहे!"

शेवट आधी वाचून ठेवावा, एवढी अक्कल मला कुठली? शेवटच्या सफरीत एका बेटावर त्या बिचाऱ्याला मारूनच टाकलं होतं. मी दिलं ठोकून, "मग तो सुखरूप घरी आला आणि भात लावायला लागला."

"हो का?" आई म्हणाली. या वेळी सुई भलतीकडेच वळली होती. "गोऱ्यांच्या मुलखात भात पिकतो?"

तिनं माझ्या हातातलं पुस्तक हळूच मिटलं आणि पाठीवरून हात फिरवला.

"आपला येल रे घरी. तू नको घाबरू."